रक्षाच्या कॅमेऱ्यातल्या चार रेघा

स्कुटीवरून पडून रक्षा झाडेचं गळपट्टीचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण उजवा खांदा खाली आला तो खालीच राहिला. सेलूत तिचा फोटो स्टुडिओ. दुखणं सरल्यावर लग्नाच्या ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या, आणि तिच्या ध्यानात आलं की आपला प्रत्येक फोटो एका बाजूला कलतो.

कॉम्प्युटरवर फोटो सरळ करता येई, पण मग कडा कापल्या जात. एका लग्नाच्या ग्रुप फोटोत नवरीची आत्या अशीच अर्धी कापली गेली. अल्बम पाहताना आत्यानं ते पान झटकन उलटलं. ते रक्षाला फार लागलं.

"लग्नं सोडून दे," तिचा नवरा नीलेश म्हणाला. "दुकानात बसून पासपोर्ट फोटो काढत जाय. तिथं स्टँड असते."

"काऊन सोडू? खांदा वाकडा झाला, डोळे नाई."

कॅमेरा जुना होता, पण तिच्या हाताला बसलेला. नव्या कॅमेऱ्यांत डोळा लावला की फोटो सरळ धरायला आडव्याउभ्या रेघा दिसतात, याच्यात तशी सोय नव्हती. मग त्या आपणच आखायच्या, असं तिनं ठरवलं. डोळा लावल्यावर जे चित्र दिसतं, ते कॅमेऱ्याच्या आत आरशाच्या वर बसवलेल्या एका पातळ, दुधी तुकड्यावर उमटतं. त्याला फोकसिंग स्क्रीन म्हणतात. लेन्स काढून, भुवयांच्या चिमट्यानं बारीक तारेची कडी सोडवली की तो खाली येतो.

पहिला तुकडा तिनं बिघडवला. अंगठा लागला, तो डाग ओढणीनं पुसायला गेली, तर सगळीकडे ओरखडे उठले. पण तोच तुकडा तिनं सरावाला घेतला. शिवणाची सुई किती दाबली तर रेघ जाड होते, किती हलकी धरली तर दिसतच नाही, हे तिनं त्यावर शिकून घेतलं. वर्ध्याच्या एका दुरुस्तीवाल्याकडे तसलाच बंद पडलेला कॅमेरा होता. त्याची स्क्रीन तिनं मागून आणली. दार लावून, पंखा बंद करून, स्टीलच्या पट्टीला टेकवून तिनं दोन आडव्या आणि दोन उभ्या रेघा ओढल्या. श्वास सोडला तो चौथी पुरी झाल्यावरच.

पुढचं लग्न कारंजा घाडग्याला होतं. दोन्हीकडचे पाहुणे मांडवासमोर उभे राहिले. रक्षानं डोळा लावला, मांडवाचा खांब उभ्या रेघेला भिडवला, आणि कडेची माणसं पुरती चौकटीच्या आत आहेत ना ते पाहिलं.

"ओ मॅडम," नवरीचे मामा, भैयाजी ओरडले, "तुमी तं तिरप्या झाल्या! फोटो वाकडा येईन नं!"

मांडव हसला. रक्षानं डोळा काढला नाही.

"मी तिरपीच उभी राह्यतो, भैयाजी. फोटो सरळ येते. हला नका."

बटण दाबलं. मग तिनं कॅमेरा भैयाजींच्या हातात दिला. त्यांनी आधी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर सरळ आलेला फोटो पाहिला, मग डोळा लावून बराच वेळ आत पाहत राहिले.

"ह्या रेघा कंपनीनं देल्या का?"

"नाई," रक्षा म्हणाली, आणि तिची मान आपोआप ताठ झाली. "म्या मारल्या. सुईनं."

भैयाजींनी कॅमेरा दोन्ही हातांनी, जपून परत केला. "चला रे," ते पाहुण्यांकडे वळून म्हणाले, "आणखी एक काढू. बाई सांगन तसं उभे राहा."