बायकांच्या दारावरची आक्का

निपाणीच्या टॉकीजमध्ये बायकांच्या दारावर तिकिटं फाडायला एक बाई असायची. आम्ही तिला आक्का म्हणायचो. भुताचा स्वस्तातला सिनेमा लागला की ती खुशीत असायची. रोज बघून तिला तो पाठ व्हायचा. भूत यायच्या आधीच अंधारातून तिचा आवाज यायचा, "पोरींनो, आलं बघा! भिऊ नगा, रबराचं तोंड हाय, हनुवटीखाली शिवण दिसतीया." बायका किंचाळायच्या आणि लगेच हसायच्या. मला ते लई आवडायचं.

माझं पहिलं मूल पोटातच गेलं होतं. पुन्हा दिवस गेले, तेव्हा हे तरी राहील का, या धास्तीनं घरात बसवेना. एका दुपारी मी टॉकीजला गेले.

आक्कानं माझ्या पोटाकडं बघितलं. "पोटुशीनं असलं बघू नये, ठावं न्हाय व्हय?"

मी तिकीट पुढं केलं. तिनं मला कडेच्या खुर्चीत बसवलं आणि पडद्याकडं पाठ करून ती माझ्यासमोर उभी राहिली. "माझ्याकडं बघ. मी सांगते."

पडद्याचा निळा उजेड तिच्या केसांच्या कडेनं पाझरत होता. तिचा आवाज ऐकताना मला पाण्याखाली बसल्यासारखं वाटत होतं. पांढऱ्या साडीतली बाई विहिरीपाशी आलीया, आक्का सांगत होती, तिचं बाळ हरवलंय, ते हुडकतीया.

"सापडलं का?" मी विचारलं.

तेवढ्यात सगळ्या बायका किंचाळल्या. आक्कानं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही.

"सापडलं गं," ती म्हणाली. "दूध पाजतीया."