शुक्रवारची गादी

ओझं उचलायच्या आधी आमचे पाळकसाहेब शर्टाच्या बाह्या दुमडायचे आणि म्हणायचे, "देवाचं नाव घ्या, आबा, आणि उचला." मग ते पोतं असो, चर्चमधलं बाकडं असो, नाहीतर माझ्या बायकोची गादी.

कुसगावच्या अंगाला आमच्या चर्चच्या मंडळीचा जुना बंगला आहे. आजारी विश्वासणाऱ्यांनी हवापालटाला यावं म्हणून कुणीतरी दान दिलेला. मी तिथला माळी. शाळा तिसरीपर्यंत, अक्कल त्याच्याही अलीकडं. राहायला मागची पत्र्याची खोली.

बायकोला दम्यानं धरलं तेव्हा साहेब स्वतःच म्हणाले, "मावशींना बंगल्यात आणा." उन्हाची खोली दिली. चार दिवस ती तिथं राणीसारखी. शुक्रवार आला की साहेब हजर. "आबा, पुण्याहून आजारी माणसं येतायत." मग गादीची डोक्याकडची बाजू ते धरायचे, पायाकडची मी, आणि मागून ती धापा टाकत पत्र्याखाली. सोमवारी हीच वरात उलटी.

मला वाटायचं, केवढा हा माणूस! पाळक असून गादी उचलतो. तुम्हालाही वाटलं असतं, पण तुमचे डोळे लवकर उघडले असते.

एका शनिवारी बंगल्यातून हाक आली, "काका, बर्फ मिळेल का?" मला वाटलं, कुणाला तरी ताप चढला. मासळीवाल्याकडनं बर्फ घेऊन पळत आलो. "पेशंट कुटं हाय?" म्हणत आत शिरलो, तर उन्हाच्या खोलीत पोरं ग्लास धरून बसलेली. एकजण हसून हसून खुर्चीवरून पडला.

बायकोला सांगितलं, तर तीही हसली. हसता हसता खोकली. "आजारी न्हाईत, गिऱ्हाईक हायेत ती. येडं हाय माझं माणूस."

"तुला ठावं व्हतं?"

"गादी खाली ठिवताना साहेब तुमच्याकडं न् माझ्याकडं बघत्यात का कदी?"

सोमवारी साहेबांना तोंडावर विचारायचं ठरवलं. रविवारीच ती गेली. पत्र्याखाली. साहेब धावत आले, बंगल्यातली गाणी बंद करायला लावली, माती होईपर्यंत तिच्या उशाशी बसले. माझ्यापेक्षा जास्त रडले. ते रडणं खोटं नव्हतं. चोरीही खोटी नव्हती.

मी मंडळीच्या पंचांकडं गेलो. कमिटी बसली, साहेबांनाही बोलावलं. पंच गुळगुळीत बोलायला लागले, "गैरसमज असेल, प्रेमानं मिटवू." मी उठलो. "पैशाचं तुमी बघा. आजाऱ्याची खोली यांनी भाड्यानं दिली आन् माजी बायको दर शुक्रवारी भाईर काढली. गादी उचलायला मीच व्हतो, एवढा मी शाना."

कुणी हसलं नाही. साहेब उभे राहिले. "आबा खरं बोलतायत. भाडं मी घेतलं. मुलाच्या फीला." त्यांचं पद गेलं, पैसे परत करायचं लिहून घेतलं.

ते गाव सोडून निघाले त्या दिवशी त्यांच्या घरासमोर टेम्पो उभा होता. मदतीला कुणी नाही. मीही मजाच बघायला गेलो होतो. साहेब एकटेच गादीशी झटत होते, बाह्या दुमडून. माझे मेले हात मला विचारायला थांबले नाहीत. जाऊन पायाकडची बाजू धरली.

"देवाचं नाव घ्या, साहेब," मी म्हणालो, "आन् उचला."

गादी टेम्पोत ठेवताना त्यांनी माझ्याकडं बघितलं.