पाणी आलं आणि माझी जादूगारीण गेली

मंडळी, आज दुपारी माझी जादूगारीण मेली. दिवाळीपासून वाढवत आणली होती.

माहीत नसणाऱ्यांसाठी सांगते. मी कम्प्युटरवर जो गेम खेळते, त्यात पात्र एकदा मेलं की कायमचं जातं. शिवाय तो ऑनलाइन आहे, मध्येच थांबवता येत नाही.

ऐन राक्षसासमोर उभी होते आणि खालून सासूबाई ओरडल्या, "पाणी आलं गं! मोटार लाव!"

उस्मानपुऱ्यातल्या लोकांना पुढचं सांगायला नको. नळ आठवड्यातनं एकदा येतो, तोही कधी येईल याचा नेम नाही. पळाले. टाकी, पिंप, हंडे भरून वर आले, तर खेळ खलास.

जादूगारीण लांबून झकास आग फेकते, पण अंगानं कागदासारखी. दोन फटक्यांत संपते. हे माहीत असून मी दरवेळी तीच घेते, कारण मला तीच आवडते.

सासूबाईंनी माझं तोंड पाहिलं. "काय गं, कोण गेलं?"

सगळं सांगितलं. पदराला ओले हात पुसत त्या म्हणाल्या, "मग आता अशी घे, जी पाणी भरून होईस्तोवर मार खात उभी राहील. तसलीच टिकती. मला विचार."

मला हसू आलं नाही.

संध्याकाळी ढालवाली शिपाईण घेतली. खेळायला लई कंटाळवाणी आहे, पण मरत नाही.

तुम्ही पात्र आवड बघून निवडता, की घरचा नळ बघून?