सुतकातला गोड चहा

बायकोनं आणि मी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथी निवडणं. लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. पोटुशी असतानाच तिच्या रक्तात साखर निघाली. पुसदच्या डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, गोड बंद, भात घासभर, वेळेवर थोडं थोडं खायचं. तेवढ्यानं आटोक्यात नाही आली तर इंजेक्शन घ्यावं लागेल, नाहीतर पोटातल्या लेकराच्या जिवाला धोका. म्हणून घरात रोज पालेभाजी.

"पानं फेकून राह्यले अन् काड्या ठेवून राह्यले तुम्ही," बायको म्हणाली. "पोरगी काय बकरी हाये?"

"बकरीले साखर होत नाही," मी म्हणालो. ती हसली. संध्याकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्याच्या वाटेतच गेली.

दुसऱ्या दिवशी माती उरकली. आमच्यात राख सावडेपर्यंत घरची चूल पेटत नाही, सोयरे डबे आणतात. मातीच्या दुसऱ्या सकाळी लेकीनं बोट टोचून साखरेची मशीन लावली आणि पटकन पालथी ठेवली. मी उचलून पाहिली. शाळा नाही शिकलो, पण आकडे कळतात. भलताच वर होता.

"काय खाल्लं?"

"काही नाही, बाबा. रात्री दोन घास."

मला खरं वाटलं नाही. आधी मशीनच खोटं बोलते म्हटलं, माझं बोट टोचून पाहिलं. माझा आकडा सरळ निघाला. मग डबे उघडून पाहायला लागलो. भात, पिठलं, परत भात. डबा आणणारी एक सोयरी फणकारली, "बुढा घास मोजून राह्यला का आमचे?" म्हणू दे.

मग ओसरीत बसून लेकीच्या हातावर नजर ठेवली. भेटायला येईल ती बाई तिच्या गळ्यात पडून रडायची. ती बाई उठली की माझी मोठी बहीण शेजाऱ्यांकडून आलेल्या किटलीतून पेला भरून लेकीला द्यायची. दर वेळी. मी एक पेला हिसकून उरलेला घोट प्यायलो. चहा कुठला, पाकच.

"बाई, हे कायले पाजून राह्यली?"

"रडून रडून चक्कर येते पोरीले. दोन जिवांची हाये. साखर जास्तीची टाकली."

"तिले साखरेचीच बिमारी हाये!"

"ते डॉक्टरचं राहू दे. तुझी बायको पोरीले उपाशी ठेवे, आता तूबी ठेव."

लेक म्हणाली, "नाही कसं म्हणू, बाबा? आई गेली म्हणून सगळ्या जवळ घेतात."

मी तिला डॉक्टरीणबाईला फोन लावायला लावला. उद्या दुपारी दाखवायला आणा, तोवर ठरलेलंच जेवण द्या, असं डॉक्टरीणबाईनं सांगितलं. ठरलेलं जेवण कुठून आणू? डब्यांवर माझा भरवसा उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच, माणसं जमायच्या आधी, मी गॅस पेटवला. बहीण दारात येऊन उभी राहिली.

"अरे, राख सावडायची हाये अजून! लोक काय म्हणतीन?"

मी ज्वारीचं पीठ मळलं. पहिल्या दोन भाकरी फाटल्या. एक जमली, ती लेकीच्या ताटात वाढली आणि ती खाईपर्यंत समोर बसून राहिलो. मग टोपी घातली आणि राख सावडायला गेलो.