गादी काढून बसणारा नागेश

गेल्या शनिवारी नागेश बग्गीतून उतरला आणि पाण्याची बाटली घ्यायला आमच्या गाडीपर्यंत चालत आला. चाळीसेक पावलं असतील. मी त्याच्या मागून येत होते. वाळूत त्याच्या उजव्या पायाचा नीट ठसा उमटत होता आणि डाव्या पायाची नुसती रेघ. तो कण्हत नव्हता, थांबत नव्हता, बोलतही होता नेहमीसारखा. पण ती रेघ मी पाहिली आणि सहा दिवस झाले, ती डोळ्यांपुढून हलत नाही.

इथल्या ऊद मेथा भागातल्या एका हाडांच्या डॉक्टरांकडे मी सात वर्षं रिसेप्शनला होते. पाठ दुखते म्हणणारे रोज वीस जण यायचे. डॉक्टर सगळ्यांना सावकाश तपासायचे. पण कुणी पाऊल फरफटत आत आलं, की ते हातातला चहा ठेवून उठायचे. मणक्यातली चकती सरकून नस दाबली गेली की पाऊल उचलेनासं होतं आणि तो दाब वेळेत निघाला नाही तर ते कायमचं तसंच राहू शकतं. मी डॉक्टर नाही, पण एवढं मला पक्कं ठाऊक आहे.

उद्या पुन्हा शनिवार. उद्या सकाळी नागेश माझ्या मुलासाठी आणखी एक बग्गी वाळूत चालवून बघणार आहे. त्यानेच चालवून बघावी ही अट माझी आहे.

नागेश पालशेतकर गुहागर तालुक्यातला. चिपळूणला आयटीआय करून बावीस वर्षांपूर्वी तो इकडे आखातात, फुजैराला आला. तिथे डोंगर फोडून खडी काढतात. ती खडी वाहणारे ट्रक दुरुस्त करणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये तो कमानपाटे बदलायचा. पाट्यांचं एक जुडगं दोन माणसांच्या वजनाचं. ते ट्रकखाली आडवं पडून छातीवर तोलायचं आणि बोल्ट लावायचे. “तेव्हा क्रेन नव्हती का?” असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, “होती ना ताई. मीच होतो.”

पुढे शारजात तहा नावाच्या एका सिरियन माणसाने बग्ग्यांचं गॅरेज काढलं आणि कुणीतरी नागेशचं नाव सुचवलं. बग्गी म्हणजे दोन माणसं शेजारीशेजारी बसतात ती वाळूतली उघडी गाडी. चार मोठी चाकं, डोक्यावर लोखंडी नळ्यांचा पिंजरा आणि चाकामागे एकेक लांब शॉकअप स्प्रिंगसकट. माझा मुलगा निनाद तिला साइड-बाय-साइड म्हणतो, बाकी सगळे बग्गीच म्हणतात. आता हिवाळ्यात शनिवार-रविवारी बदायरच्या वाळूच्या लाल टेकड्यांवर या बग्ग्या मुंग्यांसारख्या पसरलेल्या दिसतात. इंजिन बघणारे मेकॅनिक तिथे पुष्कळ आहेत. पण गाडी बसायला कशी आहे, ती आदळते का, उसळी मारते का, मागून उडते का, हे बघायला लोक अबूधाबीहून नागेशकडे येतात.

आमची ओळख दोन वर्षांपूर्वीची. निनादने एका मित्राबरोबर भागीदारीत जुनी बग्गी घेतली होती. एकदा आमच्या मराठी ग्रुपची वाळूत पिकनिक निघाली आणि सगळं सामान बग्गीच्या मागच्या हौद्यात चढलं. बर्फाचा कूलर, शेगडी, सिलिंडर, खुर्च्या आणि तीस माणसांची पावभाजी होईल एवढा तवा. गाडी मागून खाली बसली, प्रत्येक खड्ड्यात ठाण ठाण आपटायला लागली. निनादने इंटरनेटवर वाचून स्प्रिंगच्या चकत्या फिरवल्या, स्प्रिंग पार आवळून टाकल्या. पिकनिक छान झाली. तवा घरी आला, पण स्प्रिंग तशाच आवळलेल्या राहिल्या.

पुढच्या आठवड्यात तो एकटाच रिकाम्या गाडीत टेकडीच्या माथ्यावरून उतरला आणि मागची चाकं घोड्याने लाथ झाडावी तशी वर उडाली. नाक वाळूत रुतलं. मी खाली उभी होते. निनाद हेल्मेट काढत हसत बाहेर आला, “आई, रिलॅक्स! दॅट्स व्हॉट द केज इज फॉर.” मी तिथेच वाळूत बसले. शैलेंद्रने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, मला पाणी पाजलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती बग्गी ट्रेलरवर घालून तहाच्या गॅरेजला नेली. नागेशने खाली वाकून एक नजर टाकली आणि निनादला विचारलं, “निनादभाऊ, हे कुणी केलं?”

“मीच. फोरमवर बघून.”

“फोरमवाल्याच्या गाडीत पावभाजीचा तवा होता का?”

निनाद लाल झाला. मला मात्र त्या क्षणी हा माणूस आवडून गेला.

“झोपायला गादी मागितली आणि तुम्ही तिला पाट दिलात,” नागेश म्हणाला. “आता स्प्रिंगला दबायला जागाच नाही. दबली तरी सुटते गोफणीसारखी.” मग त्याने आमच्याकडून एक गंमतच करून घेतली. निनादला हेल्मेट घालून आत बसवलं. मागे नेहमीचं सामान ठेवलं, टाकी अर्धी भरली. गाडी दोनदा दाबून सोडली आणि जमिनीपासून सांगाड्यापर्यंत टेप लावला. “रिकामी गाडी मोजून उपयोग नाही. माणूस बसल्यावर ती किती बसते ते मोजायचं. लोक शोरूममध्ये मोजतात आणि वाळूत रडतात.” त्याने स्प्रिंग सैल केल्या. शॉकअपवरची बटणं टकटक फिरवली, म्हणजे दबताना तो मऊ झाला आणि परत उघडताना जरा सावकाश. टायरमधली हवा उतरवली. प्रत्येक वेळी एकच बदल, आणि तो काय केला ते टायरवर खडूने लिहायचं. “दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कुठल्या गोष्टीने बरं वाटलं ते देवालाही कळत नाही.”

नंतर तो चालवून बघायला निघाला आणि चालवायच्या आधी त्याने सीटची गादी काढून बाजूला ठेवली.

“अहो, हे काय?” मी म्हटलं.

“गादी खोटं बोलते ताई. धक्का अर्धा ती खाते आणि गाडी बरी आहे असं सांगते. पाठ खोटं बोलत नाही.”

तो नुसत्या पत्र्यावर बसला. आधी गाड्या जाऊन जाऊन पन्हाळी पत्र्यासारखा झालेला रस्ता, मग छोट्या उंचवट्यांची रांग, मग टेकडीवरून उडी. परत येऊन चकती अर्धा फेरा फिरवायची, पुन्हा तीच वाट. त्या दिवशी नऊ फेऱ्या झाल्या. शेवटी त्याने मला शेजारी बसवलं. मी डोळे मिटून घेतले होते. पन्हाळी रस्ता कधी संपला ते मला कळलंच नाही, एवढी गाडी तरंगत गेली. त्यानंतर निनाद वाळूत गेला की मी फोन हातात धरून बसायचं बंद केलं. अगदी बंद नाही, पण कमी केलं.

बावीस वर्षं हा माणूस सगळा मार पाठीवर घेतो आहे, आधी ट्रकखाली आणि आता पत्र्यावर. हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

आता निनादला स्वतःची बग्गी घ्यायची आहे. तो जुमेरा लेक टॉवर्समध्ये नोकरी करतो, तिथेच राहतो, पैसे त्याचे. किंमत ऐकून शैलेंद्रने मोठ्याने रुपयांत हिशोब केला. दोन गाड्यांवर निनादचं मन आहे. एक लाल, आखूड, हलकी. एक करडी, लांब, वजनदार. निनादने दोघींचे आकडे मांडून तक्ता केला होता. इंजिनाची ताकद, रुंदी, चाक किती इंच वरखाली होतं ते. तक्ता बघून नागेश म्हणाला, “चाक किती वर जातं हे सगळे लिहितात. ते खाली कसं येतं हे कुणी लिहीत नाही.”

“पण रेड वन इज सो मच क्विकर, नागेशदादा.”

“आहेच. लाल म्हणजे बोकड. वळते पटकन, उडते मस्त, पण आखूड असल्यामुळे माथ्यावर मागून लाथ मारणार. करडी म्हणजे म्हैस. मऊ वाळूत बसेल कधीकधी, पण खड्ड्यावरून अंग टाकून शांत जाते. बोकडाला शिकवता येतं. मला एक सकाळ द्या.”

मी तेव्हाच म्हटलं, “नागेश, तुम्ही दोन्ही स्वतः चालवून, नीट लावून दिल्याशिवाय हा कुठल्याही गाडीत बसणार नाही. मला शब्द द्या.”

“दिला ताई.”

“आई, आय ॲम ट्वेंटी-फाइव्ह.”

“असशील,” मी म्हटलं.

गेल्या शनिवारी त्याने करडी चालवली. अकरा फेऱ्या. मग ती रेघ.

मी बाटली त्याच्या हातात दिली आणि हळूच विचारलं, “डावं पाऊल वर करून दाखवा बघू.” त्याने निनाद कुठे आहे ते पाहिलं. मग टाच टेकवून पंजा उचलायचा प्रयत्न केला. उजवा उठला. डावा बोटभरसुद्धा उठला नाही.

“कधीपासून?”

“दहा-बारा दिवस. मुंग्या आल्यासारखं होतं. जाईल.”

“जाणार नाही.”

“ताई, कुणाला बोलू नका. निनादभाऊला पण नाही. तो बोलण्याच्या भरात अरबाबला बोलून जाईल.” अरबाब म्हणजे तहा, मालक. “गेल्या वर्षी आमच्या वेल्डरला पाठीचं निघालं. दोन महिन्यांत व्हिसा खलास, तो गावी. तहा वाईट नाही. पण बसून बघू न शकणारा नागेश ठेवून तो काय करील?”

मी शब्द दिला. सोमवारी फोन करून माझ्या जुन्या डॉक्टरांशी बोललेही. त्यांनी त्याच दिवशी बोलावलं होतं. नागेश म्हणाला, सुट्टी मिळत नाही; शेवटी परवाची, रविवारची वेळ त्याच्याकडून कबूल करून घेतली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, तोवर एकही धक्का नको. बसनेसुद्धा शेवटच्या सीटवर बसून जायचं नाही.

म्हणजे प्रश्न फक्त उद्याचा आहे. लाल बग्गीचा मालक ती उद्याची सकाळच देतो आहे, नंतर दुसरं गिऱ्हाईक आहे.

आज संध्याकाळी मी नागेशला फोन केला. तो खोलीवर स्वयंपाक करत होता, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती.

“उद्या तुम्ही बसू नका,” मी म्हटलं.

“मग लाल कोण बघणार?”

“नको बघायला. दुसऱ्या कुणाला सांगू.”

“दुसऱ्याने लावलेली गाडी तुमच्या मुलाला देऊ? ताई, शब्द तुम्हीच घेतलात माझ्याकडून.” तो रागावला नव्हता. जरा हसलाच. “रंभा पण रोज विचारते, पाठीला तेल लावलंत का. तिला सांगतो, लावलं. आता तुम्ही एक सुरू केलंत.” रंभा म्हणजे त्याची बायको, गावी असते.

“त्यांना पायाचं सांगितलंत?”

“इतक्या लांबून ती काय करणार? नुसती जागी राहील.” मग तो म्हणाला, “एक रस्ता आहे. निनादभाऊ चालवू दे. मी खाली उभा राहतो. चाक बघून मला ऐंशी टक्के कळतं. पहिल्या चार-पाच फेऱ्या त्याला सांभाळाव्या लागतील, लाथ बसेलच, पण तो शिकलाय आता. ब्रेक न दाबता रेस धरून ठेवली तर काही होत नाही.” आणि मग अगदी साधेपणाने त्याने विचारलं, “पण तुम्ही त्याला चालवू द्याल?”

मी म्हटलं, “बघते.” आणि फोन ठेवला.

तेव्हापासून मी बघतेच आहे. शैलेंद्र झोपला. मी हे लिहायला बसले, कारण लिहिल्यावर तरी मला माझं खरं कळेल असं वाटलं. कळलं ते चांगलं नाही. सहा दिवस मी नागेशची काळजी करते आहे, डॉक्टर गाठते आहे, वेळ घेते आहे. पण लाल बग्गीची पहिली लाथ कुणाच्या पाठीत बसावी, हा प्रश्न आला तेव्हा मी ‘बघते’ म्हटलं. नागेशने चालवली तर मी उद्या वाळूत शांत उभी राहू शकते. माझी ती शांतता तो पत्र्यावर बसून मला दोन वर्षं देत आला आहे आणि मी ती घेत आले आहे. सीटची गादी काढून ठेवलेली बघूनसुद्धा.

निनाद काही लहान नाही. परवा व्हिडिओ बघताना मी पाहिलं, माथ्यावर येताना तो आता गाडी सरळ करून घेतो, घाई करत नाही. हे त्याला नागेशनेच शिकवलंय. मी तो व्हिडिओ अर्ध्यात बंद केला होता, म्हणून मला ते माहीत नसल्यासारखं वागता येत होतं.

पायाचंही त्याला सांगणार आहे. नागेशला दिलेला शब्द मोडतो, आणि तसं मी उद्या नागेशला तोंडावर सांगेन. पण कारण न सांगता ‘तू चालव’ म्हटलं तर निनाद लगेच पुन्हा नागेशलाच गाडीत बसवेल, मला खूश ठेवायला. आणि पंचवीस वर्षांच्या मुलाच्या हातात ती गाडी द्यायची, तर एक गोष्ट पोटात ठेवेल एवढा भरवसाही द्यायला हवा. तहाला काय आणि कधी सांगायचं ते नागेशने ठरवावं, डॉक्टरांना भेटून आल्यावर.

पाऊण वाजला आहे. पाच वाजता निनाद नागेशला घ्यायला शारजाला निघेल. एवढ्या उशिरा माझं नाव फोनवर बघून तो आधी घाबरेल, मग म्हणेल, “आई, व्हॉट हॅपन्ड?” मी म्हणणार आहे, काही नाही झालं रे, उद्या लाल गाडी तूच चालव, नागेश खाली उभे राहतील. एवढं एका दमात म्हणायचं, मध्ये थांबायचं नाही, नाहीतर मी ‘पण’ म्हणेन.

चष्मा काढून ठेवते आणि त्याला फोन लावते.