काकांची कापडाची नाव

आमच्या थोरल्या काकांएवढा गाड्यांचा वैरी अख्ख्या कळमनुरी तालुक्यात सापडायचा नाही. खरं तर गाडी लागायची ती काकूंना. एस.टी.चं दार उघडलं की नुसत्या वासानंच त्यांच्या पोटात ढवळायला लागे. म्हणून काकांनीही गाडी सोडली. बायको घरी आणि आपण खिडकीपाशी वारा खात बसलोय, हे त्यांना पटेना. बाजाराला दोघं पायी, लग्नकार्याला पायी. माझं लग्न हिंगोलीत होतं, तर आदल्याच दिवशी दशम्या बांधून दोघं निघाली आणि मांडवात शिरताच काका माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "आमी बराबर टायमावर आलो. वऱ्हाडाची गाडी काहून उशीर करून राहिली?"

एका ठिकाणी मात्र त्यांचे पाय चालत नव्हते. धरणाचं पाणी पसरल्यापासून काकूंचं माहेर पलीकडच्या काठाला राहिलं होतं. अंगणातून तिथल्या देवळाचं निशाण दिसे, पण रस्ता साऱ्या पाण्याला वळसा घालून जाई, आणि काकूंचे गुडघे आता गेलेले. अशात त्यांच्या भावाचा फोन आला, "माय अंथरुणाला लागली. तुझंच नाव घेऊन राहिली."

तिथले मासे धरणारे थर्माकोलच्या तुकड्यावर बसून जाळी टाकतात. त्यावर काकूंना बसवायचं कसं? काकांनी सुनेच्या, म्हणजे माझ्या वहिनीच्या मोबाइलवर परदेशातला कुणी म्हातारा लाकडी सांगाड्यावर कापड ताणून नाव करताना पाहिला आणि दुसऱ्या दिवशी अंगणात बांबू येऊन पडले. ते चिरून, भिजवून वाकवले, सुतळीनं आवळले. सांगाडा उभा राहिला तेव्हा वहिनी म्हणाली, "मामंजी, ह्यो तर मोठ्या माशाच्या हाडांचा सापळाच दिसून राहिला!"

"मास्यावानीच पोहणार हाय," काका गंभीरपणे म्हणाले.

माझा चुलतभाऊ चिडला. "आबा, कापडाची नाव असती का कुठं? अन् मायला नावेत मळमळलं तर?"

"पाण्याला डिझेलचा वास येतो का रे?"

मग तोही गाठी आवळायला बसला. खळ्यावरची जाड सुती ताडपत्री सांगाड्यावर ताणून शिवली, वर रंग दिला. पहिल्या दिवशी काका एकटेच काठाकाठानं निघाले आणि थोड्याच अंतरावर शिवणीतून पाणी शिरलं. नाव तळाला टेकली. काका कमरेइतक्या पाण्यात, नावेतच बसलेले. आम्ही धावलो तर म्हणाले, "काही तकलीफ न्हाई. शिवण कुठं चुकली ते बघून राहिलो."

त्या संध्याकाळी काकूंनी सगळी शिवण उसवली. वहिनी दाभण घ्यायला गेली तर म्हणाल्या, "दे इकडं. मला बसायचं हाय त्याच्यात." दुहेरी दोऱ्यानं त्यांनी एकेक टाका घातला. वहिनीनं त्यावर पुन्हा रंगाचे हात दिले.

रंग वाळल्यावर एका सकाळी आम्ही निघालो. मला पोहता येतं म्हणून मागे बसवलं होतं. काकू मधोमध, डोळे गच्च मिटून. अर्धं पाणी कापल्यावर त्यांनी एक डोळा उघडला, मग दुसरा.

"लागली का?" काकांनी विचारलं.

"न्हाई," काकू म्हणाल्या, आणि बोट पाण्यात बुडवून पाहिलं.

माहेरी पोचल्यावर म्हातारीनं लेकीचा चेहरा चाचपला. "कशी आलीस गं? गाडी लागली असंल."

"न्हाई माय. ह्यांनी नाव केली."

काकू तिथंच राहिल्या. आईला भरवलं, न्हाऊ घातलं, केस विंचरले. थोड्याच दिवसांत म्हातारी गेली, ती लेकीच्या मांडीवर.

सगळं उरकल्यावर आम्ही त्यांना आणायला गेलो. मध्यावर आल्यावर काकू म्हणाल्या, "जरा थांबता का?" काकांनी वल्हं उचलून आडवं ठेवलं. काकू वळून माहेरच्या काठाकडं पाहत राहिल्या. काकांनी मान वळवली नाही. मग त्या म्हणाल्या, "चला."

काकांनी वल्हं पाण्यात घातलं, पण इतक्या हळू, की नाव घराकडं चालली आहे हे काठाकडं पाहिल्याशिवाय कळत नव्हतं.