नोराबाईंनी राखलेला दिवा

नवरात्रात मला ध्यान लागू लागलं, तेव्हा माझाच विश्वास बसेना. एरवी माळ हातात घेतली की मला उद्याची भाजी आठवते. पण त्या दिवसांत आयर्लंडमधल्या गॉलवेच्या आमच्या छोट्या घरात घटासमोर डोळे मिटले की अंग हलकं होऊन तरंगायचं, कानांत समुद्र वाजायचा, दिव्याभोवती सोनेरी धुकं उतरायचं. वाटलं, आई पावली. पायातल्या गुठळीसाठी मी रक्त पातळ करणारी गोळी घेत होते. उपवासातही ती दुधाबरोबर चालूच होती. शौचाला काळं होत होतं, त्याचं खापर मी फराळातल्या काळ्या मनुकांवर फोडलं.

अष्टमीला नवरा कामासाठी डब्लिनला गेला होता. शेजारच्या नोराबाई, सत्तरी ओलांडलेल्या, देवीसाठी आपल्या बागेतली सफरचंदं घेऊन आल्या. दार उघडून मी भिंतीला टेकले आणि इथल्या लोकांसारखं म्हणाले, "आय अ‍ॅम ग्रँड," म्हणजे मी अगदी ठीक आहे.

त्या माझ्या पांढऱ्या ओठांकडे बघत राहिल्या. "यू आर नॉट, लव्ह," म्हणत त्यांनी मला बसवलं आणि अ‍ॅम्ब्युलन्स बोलावली. मी मात्र हट्टाला पेटले. अखंड दिवा आहे, नऊ दिवस विझता कामा नये, त्याला एकटं सोडून मी येणार नाही, असं काहीबाही सांगत राहिले. त्यांनी शांतपणे तेलाची बाटली उचलली.

"मी बसते त्याच्याजवळ. तू जा."

हॉस्पिटलमधला डॉक्टर नागपूरचा निघाला. मनुकांचं ऐकून तो हसला नाही. म्हणाला, "ताई, ते रक्त आहे. पोटात जखम झालीय आणि गोळीमुळे रक्त थांबत नाहीये." आणखी उशीर झाला असता तर कठीण होतं, हेही त्याने सांगितलं. मी जिला समाधी समजत होते, ती म्हणजे माझी हरपत चाललेली शुद्ध होती. मला हसू आलं आणि लगेच रडूही. कुणा अनोळखी माणसाचं रक्त थेंबाथेंबाने माझ्यात उतरत होतं. जप आठवेना. मी फक्त म्हटलं, आई, आता तूच बघ. आणि कित्येक दिवसांनी मला गाढ झोप लागली.

संध्याकाळी डब्लिनहून परतल्यावर नवरा आधी घरी गेला. दिवा तेवत होता. नोराबाई घटासमोर जमिनीवर बसून आपली क्रुसाची जपमाळ ओढत होत्या. उठताना गुडघे चोळत एवढंच म्हणाल्या, की तुमच्या देवीची सोबत छान झाली.

आता नवरात्रात मी गोळ्या डॉक्टरांना विचारून घेते आणि पोटभर जेवून दिवा लावते. तो माझ्यामुळे तेवतो असं वाटत नाही. मी डोळे मिटून जिची वाट बघत होते, ती दारात सफरचंदं घेऊन उभी होती.